सरकारांच्या कॅमेऱ्यातले पाय

राजकन्येचा साखरपुडा झाला, आणि कॅमेऱ्यात आले ते नुसते पाय!

उदाजीराव सरकारांनी सगळा समारंभ नव्या कोऱ्या कॅमेऱ्याने, स्वतःच्या हाताने टिपला होता. संस्थान जाऊन चाळीस वर्षं झाली होती, सरकारपण मात्र गेलं नव्हतं. गोतावळा हौसेने टीव्हीपुढे बसला. पडद्यावर व्याह्यांचे बूट, विहीणबाईंच्या टाचा, गालिचा, आणि कारभारी रंगोपंतांच्या फाटक्या मोज्यातून डोकावणारा अंगठा. चेहरा एकाचाही नाही!

आठ दिवस खटपट चालली. बॅटरी भरून झाली. भिंगाचं झाकण काढून बघितलं. नवी कॅसेट घातली. शहरातून व्हिडिओवाला आला, त्याने यंत्र आतून साफ केलं आणि म्हणाला, "सरकार, यंत्र ठणठणीत आहे. चूक आपल्या हाताची!"

त्याला चहा न देता हाकलला.

मग रंगोपंत सरकारांच्या कानाशी लागले. "सरकार, ही करणी आहे! पायांशी कोण बसतं? जोडे सांभाळणारी चंद्राक्का!"

झालं! चंद्राक्काला बोलावणं गेलं. वाड्याच्या पायरीवर जोडे सांभाळण्यात तिची तीस वर्षं गेली होती. तबेल्यामागची एक खोली, तेवढाच तिचा संसार.

"आज दिवस मावळायच्या आत यात माणसांची तोंडं दिसली पाहिजेत!" सरकार गरजले. "यंत्राला हात लावायचा नाही. माझी चूक म्हणायची नाही. नाहीतर खोली खाली कर!"

खोली गेली तर या वयात जायचं कुठं? पण रंगोपंतांसमोर रडणारी ती नव्हे.

"सरकार, ती फिलीम एकदा दावा की मला."

फिल्म लागली. बाकीचे पाय बघत होते, चंद्राक्का कान देऊन ऐकत होती. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला सरकारांचा आवाज यायचा, "हं, झालं एकदाचं!" मग नुसते पाय. आणि शेवटी, "चला, हसा आता सगळे!" की चित्र गायब!

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सरकार सुरू म्हणत होते तेव्हा यंत्र बंद होत होतं, आणि बंद म्हणत होते तेव्हा सुरू!

"सरकार, यंत्र पिशवीतनं भाईर काढा."

सरकारांनी ते ओढून काढलं. ओढताना अंगठा बटणावर दाबला गेला, तो तिने बरोबर हेरला.

"डोळ्याला लावा. त्यो व्हिडिओवाला म्हनत व्हता, यंत्र चालू आसलं की आत तांबडा दिवा लागतो. हाय का?"

"आहे. लागलाय." सरकारांचा अंगठा पुन्हा बटणाकडे निघाला.

"थांबा! लागल्या समईला कुणी फुंकर मारतं व्हय? दिवा हाय तवर बटणाला शिवायचं न्हाई. काम झाल्यावर दाबा, आन् दिवा गेला का तेवडं बगा!"

समई विझवण्याचा अपशकुन सरकार कसा करतील? त्यांनी मुकाट्याने दरबारभर कॅमेरा फिरवला. कॅसेट टीव्हीवर लावली. पडद्यावर पहिलेच रंगोपंत, बोट नाकात! मागोमाग सगळ्यांची तोंडं, एकूण एक!

रंगोपंत चवताळले. "मग इतके दिवस पायच का दिसत होते? चूक कोणाची? बोल!"

चंद्राक्कापुढे पेच पडला. सरकारांची म्हणावी, तर खोली जाणार. आपली म्हणावी, तर करणी कबूल!

चंद्राक्काने हात जोडले. "चूक कुनाचीच न्हाई, पंत. यंत्र नवं हाय. सरकारांच्या म्होरं नवा आलेला पयल्यांदा पायांकडंच बगतो. मान वर कराय धीर लागतो. त्याला आठ दिसांत आला. तुमी तीस वर्सं झाली, अजून तितंच बगताय!"

सरकार पोट धरून हसले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"चंद्राक्का, खोली आजपासून तुझ्या नावावर! लग्नाची फिल्म काढताना तू माझ्या शेजारी खुर्ची टाकून बस!"

"आन् जोडे कोन बगनार, सरकार?"

सरकारांनी डोळे पुसले. "रंगोपंत! ऐकलंत ना?"