केरबाचं साखर मोजायचं मशीन

एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती, तर सांगितलेलं सोडायचा नाही आणि न सांगितलेलं करायचा नाही. जीव मात्र सगळा म्हाताऱ्या आईत.

आईला, म्हणजे तानूबाईला, साखरेचा आजार. नर्सबाईंनी साबणाच्या वडीएवढं मशीन दिलं. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, की मशीन आकडा दाखवतं.

“रोज सकाळी उपाशीपोटी, हात धुऊन बघा,” बाई म्हणाल्या. “आकडा दीडशेच्या आत आला, तर बैलपोळ्याला एक पुरणपोळी चालेल.”

तानूबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. वर्षभर बिचारीनं पुरण चाखलं नव्हतं.

पहिल्या दिवशी केरबा कडकडीत उपाशी राहिला. आईला त्यानं चहा-बटर दिलं. आकडा आला तीनशे.

“अहो, ज्याचं रक्त त्यानं उपाशी राहायचं!” नर्सबाई म्हणाल्या.

“बरं.”

दुसऱ्या दिवशी आई उपाशी. पण ती गूळ चिरत बसली होती. केरबानं स्वतःचे हात खसाखसा धुतले आणि तिचं गुळाचं बोट टोचलं. आकडा चारशे.

“अहो, ज्याचं रक्त त्याचे हात धुवायचे! सगळं ज्याचं रक्त त्याचंच!”

“आसं आधी सांगायचं न्हवं, बाई.”

तिसऱ्या दिवशी टोचताना आई कळवळली. केरबाला रडूच आलं. तो तडक नर्सबाईंकडे गेला.

“तेच तेच बोट टोचताय होय? रोज बोट बदला!”

केरबानं बोट बदललं. पुढचे पाच दिवस आकडा नव्वदीच्या वर गेला नाही. नर्सबाई खूश. पोळ्याच्या दिवशी त्या मुद्दाम घरी आल्या, तर तानूबाई रिकाम्या दुरडीकडे बघत बसलेली.

“केरबा, बैलाची पोळी बैलानं खाल्ली. माझी कुठं हाय?”

“म्या खाल्ली.”

“आरं, बाईंनी मला सांगितली हुती की!”

“ज्याचं रक्त त्याचंच सगळं, आये. तुला दुखत हुतं, म्हणून म्या माझं बोट घेतलं. उपाशी बी मीच ऱ्हायलो, हात बी मीच धुतलं.”

नर्सबाईंनी लिहून घेतलेले पाचही आकडे खोडले.

“पर दुरडीत पाच हुत्या,” तानूबाई म्हणाली. “बाई तर एकच म्हणाल्या हुत्या.”

केरबानं टोचलेली पाचही बोटं तिच्यापुढे धरली.

“एका आकड्याला एक, आये. अजून दुसरा हात बाकी हाय. आनखी पाच लाट.”