डाव्या हाताचा नवरा

एक होता दगड. राजाचं नंतर बघू, आधी दगड. फार फार वर्षांपूर्वी, स्कॉटलंड नावाच्या थंडगार मुलुखात, समुद्राजवळच्या माळावर तो उभा होता. माणसाहून उंच, आणि मधोमध आरपार भोक. तिथली लग्नं त्या दगडापाशी लागायची. नवरी एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला. दोघांनी भोकात हात घालायचा, एकमेकांचा हात धरायचा आणि शब्द द्यायचा. शब्द खरा असला तर हात सुटे. खोटा असला तर दगड हात आवळून धरी. असा कडक दगड तो, बरं का! आपल्याकडे असता तर निम्मं गाव तिथेच अडकून बसलं असतं.

त्या माळाच्या अलीकडे एक घराणं, पलीकडे दुसरं. दोघांचं हाडवैर. आज ह्यांनी त्यांची गुरं पळवायची, उद्या त्यांनी ह्यांची. गुरांपायी माणसं मरायची. शेवटी दोन्हीकडच्या म्हाताऱ्या बायकांनी चुली विझवल्या. म्हणाल्या, आधी समेट, मग जेवण. मग काय! पोटात कावळे ओरडायला लागल्यावर सगळ्यांना शहाणपण सुचलं. अलीकडच्या सरदाराची मुलगी पलीकडच्या तरुण सरदाराला द्यायची ठरली. सोयरीक झाली की तलवारी म्यानात.

मुलीचं नाव मार्सली. चांगली जाणती, धिप्पाड मुलगी. केस तांबडे आणि राग नाकावर. आई लहानपणीच गेली होती. वडिलांनी, टॉर्किल त्यांचं नाव, तिला एकट्याने वाढवलं. वडील म्हणजे तिचं दैवत. "हात बांधलेल्या माणसावर माझ्या बाबांनी कधी हात उचलला नाही," असं ती अभिमानाने सांगायची. बाबांनीच तिला तसं सांगितलं होतं ना.

लग्नाच्या दिवशी मार्सलीने भोकात हात घातला. पलीकडून एक हात आला. खरखरीत, पण ऊबदार. तव्यावरून काढलेली भाकरी धरावी तसा जपून त्याने तिचा हात धरला. तिला क्षणभर बरं वाटलं. मग तिने अंगठा चाचपला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात डावा होता! अरे, लग्नाला कोणी डावा हात देतं का? देवाला फूल आपण डाव्या हाताने वाहतो का? मार्सली मनात म्हणाली, हा माझा अपमान करतोय.

पाद्र्याने विचारलं, "जन्मभर राहशील?"

"राहीन," मार्सली म्हणाली. मनात म्हणाली, मुळीच नाही.

दगडाने हात कच्चकन धरला! मग एकच धांदल. कोणी तिला मागून ओढलं, कोणी लोणी आणून चोळलं. हात काही सुटेना. पलीकडच्याने मात्र ओढाओढ केली नाही. त्याचा हात मोकळा होता, तरी त्याने तो काढला नाही. तो हळूच म्हणाला, "खरं असेल ते सांग. तोवर मी हात सोडत नाही."

मग मार्सली खरं बोलली. "वर्षभर राहीन. नंतर वाटलं तर परत जाईन."

दगड सैल झाला. दोन्हीकडच्यांची तोंडं उतरली, पण दगडाशी कोण वाद घालणार? वर्षभर समेट ठरला. वर्षाने मुलगी परत गेली तर तलवारी पुन्हा बाहेर. निघताना वडील तिच्या कानात म्हणाले, "रडू नको, पोरी. वर्ष सरलं की घोडे घेऊनच येतो."

मग मार्सली सासरी आली. नवऱ्याचं नाव रूरी. उंच माणूस, बोलायला कमी, हसायला मोकळा. उजवा हात मात्र सदा शालीत गुंडाळलेला. घरात तो आणि त्याची म्हातारी आत्या, बेथाग. एकच मोठी खोली, मधे शेकोटी. बेथागआत्या एका कोपऱ्यात घोरायची आणि नवराबायकोचं अंथरूण दुसऱ्या कोपऱ्यात. पांघरूण एकच. थंडी अशी की वेगळं झोपावं तर सकाळी लाकूड झालेलं असावं.

मार्सलीने काय केलं? जवाच्या पिठाचं भलंमोठं पोतं ओढत आणलं आणि अंथरुणाच्या मधोमध ठेवलं. म्हणाली, "तू तिकडे, मी इकडे." तिकडे बायका नवऱ्याला अरे-तुरेच करत, बरं का. रूरीने पोत्याकडे बघितलं. हसू दाबलं. पोत्याला "शुभ रात्री" म्हणाला आणि पाठ फिरवून झोपला.

पण पोतं पडलं पिठाचं. रोज सकाळी त्यातूनच पीठ काढून पेज करायची. मग पोतं रोज थोडं थोडं बसत चाललं. आधी तिला पलीकडचं काही दिसायचं नाही. मग त्याचे केस दिसायला लागले. मग कपाळ. मग डोळे.

आणि माणूस वाईट नव्हता हो. रात्री तो शेकोटीतला दगड फडक्यात गुंडाळून तिच्या पायाशी सरकवायचा आणि काही न बोलता निजायचा. ती केस धुवायला वाकली की डाव्या हाताने कोमट पाणी ओतायचा, थांबत थांबत. पाणी मानेवरून ओघळायचं. त्याच्या अंगाला धुराचा आणि मेंढ्यांच्या लोकरीचा वास यायचा. तो वास तिला आधी आवडत नव्हता. मग आवडायला लागला. मग तो बाहेर गेला की ती त्याची शाल घडी करायच्या निमित्ताने उगीच हातात घेऊन बसायची. माणसाचं असंच असतं, सांगून होत नाही काही.

एके दिवशी बेथागआत्या ओरडली, "काय गं ही पातेलंभर पेज! घरात तिघं, घोडे येतात का जेवायला?"

मार्सली लाजून लाल झाली. पीठ लवकर का संपवत होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

मग वसंत आला. एके सकाळी जाग आली तेव्हा पोतं पार चपटं झालं होतं आणि त्याच्यावर रूरीचा उजवा हात पडला होता. झोपेत शाल सुटली होती. त्या हाताला दोनच बोटं होती. अंगठा आणि करंगळी. मधली तीन नव्हतीच.

मार्सली उठून बसली. तो जागा झाल्यावर तिने विचारलं, "कोणी केलं?"

"लांडग्याने," तो म्हणाला. लांडगा काय असा सरळ रेषेत चावतो?

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. "लढाईत गेली," तो म्हणाला. पण बोलताना त्याने नजर चुकवली.

तिसऱ्या दिवशी तिने चूल पेटवलीच नाही. म्हणाली, "खरं सांग. दगडापाशी मी सांगितलं होतं."

मग रूरी खाली बसला. "तुझ्या वडिलांनी," तो म्हणाला. "मी त्यांच्या तावडीत सापडलो होतो. तलवार पुन्हा धरता येऊ नये म्हणून बोटं तोडली. हात बांधलेले होते."

मार्सलीने त्याच्या उजव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणून डावा हात दिलास?"

"पहिल्याच भेटीत तुझ्या हाताला ते लागायला नको होतं. माझी माणसंही बोटं लढाईत गेली असंच समजतात. खरं कळलं तर उद्याच तुझ्या बाबांच्या दारात जातील. आणि तू घर सोडून आलेली. तुझ्याजवळ तुझे बाबाच तर होते. तेही काढून घ्यायचे?"

"मग तुला माझा राग नाही आला?"

"आला होता. मग तू मधे पोतं ठेवलंस. मला इतकं हसू आलं की राग गेला तो गेलाच."

मार्सली खूप रडली. बाबांसाठी रडली, त्याच्यासाठी रडली. रडून झाल्यावर तिने तो दोन बोटांचा हात घेतला, स्वतःच्या गालाला लावला आणि तसाच धरून ठेवला. मग उठली, पोतं उचललं आणि चुलीपाशी नेऊन ठेवलं. पुढचं तुम्हाला कशाला हवं?

बघता बघता वर्ष सरलं. टॉर्किल घोडे घेऊन माळावर आले. मागे तलवारी घेतलेली माणसं. रूरीचीही माणसं जमली. सगळे दगडापाशी वाट बघत बसले. मार्सली आलीच नाही. तिला राहायचं होतं. पण बाबांनी केलेलं चारचौघांत सांगावं तर रक्त सांडणार, आणि गिळावं तर जन्मभर घशात अडकणार. ती घरात पेज ढवळत राहिली आणि रूरी शेकोटीपाशी बसून राहिला.

दुपार टळली. शेवटी टॉर्किल तरातरा घरी आले. बाकी सगळ्यांना अंगणात थांबवलं आणि एकटेच आत शिरले.

"चल, पोरी. घोडा तयार आहे."

"बसा, बाबा. आधी जेवा," मार्सली म्हणाली.

ते बसले. तिने वाडगा भरला आणि रूरीच्या डाव्या हाताशी नेला. मग थांबली.

"उजव्या हाताने दे," ती म्हणाली.

रूरीने तिच्याकडे बघितलं. मग शाल सोडली. अंगठा आणि करंगळी, त्यांच्यात तो गरम वाडगा धरला आणि सासऱ्यांपुढे केला. वाडगा एका बाजूला कलला.

टॉर्किलनी तो हात बघितला. मग मुलीकडे बघितलं. तिला सगळं ठाऊक आहे हे त्यांना तिच्या चेहऱ्यावर दिसलं. एवढा मोठा सरदार, पण मान वर होईना.

"बाबा, दोन्ही हात पुढे करा," मार्सली म्हणाली. "सांडेल."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि वाडगा घेतला. त्याखालचा तो हातही घेतला आणि सोडला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मी हिला खोटं सांगितलं," ते रूरीला म्हणाले. "तुझे हात बांधलेले होते."

"जेवा आधी," रूरी म्हणाला. "निवतंय."

मग त्यांनी वाडगा रिकामा केला, अगदी शेवटपर्यंत. अंगणातून माणसं ओरडली, "मुलगी येतेय का?"

टॉर्किल दारात आले. "नाही," ते म्हणाले. "मीच मुक्कामाला राहतोय. घोडे सोडा."

आणि तलवारी म्यानातच राहिल्या, बरं का. मार्सली आणि रूरी सुखाने नांदली. ती तिकडे गाढ झोपली असतील आता. तुम्हीही डोळे मिटा बघू.