मोर्चातले अध्यक्ष

टाकळीच्या गव्हाळेअण्णांची उभी हयात विरोधी पक्षात गेली. गावाला मोर्चे काढायला त्यांनीच शिकवलं. यंदा ते नगराध्यक्ष झाले, पण नळाचा पाइप गटारात फुटलेला तो फुटलेलाच. वैजयंताच्या तान्ह्या लेकीचे जुलाब काही थांबेनात. गाऱ्हाणं घेऊन गेलं की अण्णा म्हणत, "मागच्यांची पापं ही, बाई! मी जाहीर निषेध करतो."

शेवटी वैतागून तिने आळीतल्या बायका जमवल्या आणि हंडे वाजवत नगरपालिकेवर नेल्या. घोषणा ऐकताच अण्णा धावत जिना उतरले आणि सवयीने बायकांमध्येच बसकण मारून ओरडले, "शुद्ध पाणी मिळालंच पाहिजे!"

वैजयंताने कडेवरची लेक सावरली. "अण्णा, अध्यक्ष समोर येऊन शब्द देईपर्यंत हलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"अलबत! मुळीच हलायचं नाही!"

"मग उठा आणि तिकडे समोर उभे राहा. तुम्हीच आमच्यात बसलात, तर आम्हाला शब्द द्यायचा कुणी?"

बायका खो खो हसल्या. अण्णांची मूठ हळूच खाली आली. धोतर झटकत ते समोर जाऊन उभे राहिले, आणि दुपारी आळीत पाइप बदलायला माणसं आली.