चिंचेखालचा वाघ

“एवढाच होता?” वैजनाथाने विचारले.

मठासमोरच्या चिंचेखाली वाघ पडला होता. गावकऱ्यांनी त्याला पहाटे भाल्यांनी मारले होते. फासळ्या दिसत होत्या. पुढच्या पंजात साळिंदराचा काटा मोडून राहिला होता, तिथे पू झाला होता.

“एवढाच,” सोमगिरी महाराज म्हणाले.

“आणि याने सात माणसं खाल्ली?”

“आठ. परवा मैना गेली. तुला भाकरी वाढायची ती.”

वैजनाथाने खांद्यावरचे उपरणे सावरले.

तो महाराजांचा सर्वांत हुशार शिष्य. वर्षभरापूर्वी राजवाड्यात पुराण सांगायला गेला, तो आज पालखीतून आला होता. राजेसाहेब त्याला राजगुरू करणार होते. त्यासाठी गुरूचा आशीर्वाद हवा होता.

“राजेसाहेबांच्या पिंजऱ्यातला वाघ पाहा एकदा, महाराज. याच्या दुप्पट भरेल. रोज एक बोकड लागतो त्याला.”

“मारतो कोण?”

“कोणाला?”

“बोकडाला.”

“खाटीक. तुकडे करून आत टाकतात.”

“तुला भीती वाटते त्याची?”

वैजनाथ हसला. “गजांतून हात घालून मान खाजवतो मी त्याची. तो डोळे मिटून पडून राहतो.”

“मग याचीही खाजव.”

वैजनाथ पुढे झाला. वाकला. हात लांब केला…

हात मध्येच थांबला. वाघाच्या उघड्या डोळ्यावर माशी बसली होती.

“मेलाय तो, बुवा,” मागून झनकू म्हणाला. झनकू मैनेचा नवरा. पहिला भाला त्याचाच होता.

वैजनाथाने हात मागे घेतला आणि उपरण्याला पुसला. त्याने वाघाला हात लावलाच नव्हता.

महाराज म्हणाले, “या राज्यात वाघ मारायचा हक्क फक्त राजेसाहेबांचा. उद्या शिपाई येतील. झनकूला चाबकाने मारतील. गेल्या साली एक जण त्यातच गेला… तू आज राजेसाहेबांना सांगशील, याला सोडा म्हणून?”

झनकू वैजनाथाकडे बघत राहिला.

“सांगेन ना. पण त्यांची मर्जी बघून सांगावं लागतं. आज उत्सव आहे. आज विषय काढला तर…”

“तर?”

वैजनाथाने भोयांना हाक मारली.

झनकूने जमिनीवरचा भाला उचलला, पाते गवताला पुसले आणि तो घराकडे निघाला.

भोई पालखीजवळ उभे राहिले. वैजनाथाने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

“मी राजवाड्यात जाऊ नको का, महाराज?”

महाराजांनी त्याच्या गुबगुबीत पाठीवरून हात फिरवला.

“जा बाळा. इथे उपास आहे, आणि शेवटी भाला आहे.”