विसूची खूणगाठ

एका गावात एक भोळा विसू होता. गाव नदीच्या अलीकडे की पलीकडे, हे आता मला नक्की आठवत नाही. इतकी पुस्तकं वाचून माझी ही गत, तर विसूला हसावं कसं? पण हसू येतंच.

त्याची आई गोदूबाई. तिला एकच घोर होता, या येड्याला मुलगी कोण देणार?

एकदा ती म्हणाली, "विसू, मीठ आण. मनाशी खूणगाठ बांध."

विसूनं मन शोधलं. सापडलं नाही. उपरणं सापडलं. त्याला गाठ मारली आणि मीठ आणलं.

दुसऱ्या दिवशी गाठ दिसली. मीठ आणलं. तिसऱ्या दिवशीही आणलं. बरण्या भरल्या, रांजण भरला.

"मेल्या, काम झालं की गाठ सोडायची!"

"बरं."

संध्याकाळी म्हैस चरून आली. गोदूबाईनं तिला दाव्यानं बांधलं. चरायचं काम झालंय, असं म्हणत विसूनं गाठ सोडली. म्हैस शेजाऱ्याच्या तुरीत शिरली.

"अरे, उपरण्याची गाठ सोडायची! फक्त उपरण्याची!"

"बरं."

हे सगळं गावातल्या शास्त्रीबुवांनी ऐकलं. ते हरखून म्हणाले, "गोदूबाई, हा मूर्ख नव्हे! मन काय कवटीतच असतं? माझं अर्धं मन पोथीत आहे. याचं उपरण्यात."

"आणि तुमचं उरलेलं अर्धं कुठंय, बुवा?"

बुवांनी ते ऐकलंच नाही. त्यांनी आपली लेक द्वारका विसूला देऊन टाकली. विद्वान माणूस, त्याला अडवणार कोण?

लग्न बुवांच्या दारी लागलं. भटजींनी विसूच्या उपरण्याची आणि द्वारकेच्या शालूची गाठ मारली. विसू चमकला.

"ही कशाची?"

"लग्नाची."

"बरं."

गोदूबाई सुनेच्या स्वागताला पुढे निघून गेली. सप्तपदी झाली.

"झालं का लग्न?" विसूनं विचारलं.

"झालं हो, जावईबापू!" म्हणत बुवा वळले आणि व्याह्यांकडच्या मंडळींना मन कुठं असतं ते समजावू लागले. बाकीचे पंगतीकडे धावले.

विसूनं गाठ सोडली. उपरणं खांद्यावर टाकलं. घरी आला.

दारात तांदळाचं माप मांडून गोदूबाई उभी.

"मेल्या, सून कुठाय?"

विसूनं उपरण्याचं एक टोक पाहिलं. दुसरं पाहिलं. गाठ कुठंच नव्हती.

"कुणाची सून?"

बऱ्याच वर्षांनी तिकडच्या एका बाईंकडून मी खात्री करून घेतली. त्या गावात लग्नाची गाठ अजून सुईदोऱ्यानं शिवतात. शिवायला शिंपी बसवतात. शास्त्र्याला जवळ फिरकू देत नाहीत.