लोकरीवरचा ठिपका

माळावर अजून पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. चारायला दोन कळप करायचे म्हणून एका धनगराने हाताला लागतील तशा अर्ध्या मेंढ्यांना तांबडा ठिपका लावला, उरलेल्यांना निळा. चार दिवसांत तांबड्या ठिपक्याची भुरी म्हणू लागली, “त्या निळ्या मेल्या जन्माच्याच आपमतलबी!”

पुढे लोकर कातरली, तिच्याबरोबर ठिपकेही गेले. त्याच दिवशी झोंबरा वारा सुटला. कुडकुडणारी भुरी शेजारणीला बिलगली. ऊब आली, तशा गप्पाही सुरू झाल्या.

शेजारणीने दबकत विचारलं, “तुझा ठिपका कोणता होता गं?”

भुरीला पक्कं आठवत होतं. “कुणास ठाऊक! तुझा?”

“मीही विसरले बाई,” ती हसली.

वारा पडल्यावर धनगर पुन्हा रंगाचे डबे घेऊन आला. दोघी एकाच डब्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.