नदी नेहमीसारखीच आहे

फार पूर्वी एका नदीच्या वळणावर एक गाव होतं, आणि त्या गावात एक नावाडी राहत होता. नदीची त्याला इतकी खडान्‌खडा माहिती होती की गावकरी म्हणत, ही नदी कूस बदलायची झाली तरी आधी नावाड्याला विचारते. त्याची बायको लवकर गेली होती. घरात तो आणि त्याची अकरा वर्षांची मुलगी सगुणा, दोघंच.

त्या गावात दरवर्षी दसरा झाला की आठ दिवसांनी मुलांची शर्यत लागायची. माळावरून नदीपर्यंत तट्टावर बसून दौड मारायची. तट्टू काठावर सोडून नदी पोहून जायची. आणि मग ओल्या अंगानं पलीकडची टेकडी पळत चढून माथ्यावरची घंटा वाजवायची. जो सगळ्यांत आधी घंटा वाजवील, मग तो मुलगा असो की मुलगी, त्याला राणीच्या पागेत नेत. तिथं घोड्यांची विद्या मिळायची, लिहिणं-वाचणं मिळायचं आणि जन्माची भाकरी मिळायची.

नावाडी लहानपणी स्वतः या शर्यतीत धावला होता आणि घंटेपासून दहा पावलांवर मागे पडला होता. ती दहा पावलं तो कधी विसरला नाही. सगुणा चालायला लागली तेव्हापासून त्यानं एकच गोष्ट मनात धरली होती.

आता नावाड्याकडे नाव होती, पण तट्टू कुठून असणार? ते दिलं धनगरानं. गावाबाहेरच्या माळावर एका धनगराचा मेंढवाडा असायचा. त्याच्याकडे सामान वाहायची दोन तट्टं होती आणि सगुणाच्याच वयाचा भिवा नावाचा मुलगा होता. धनगर एकदा सहज म्हणाला, "एक माझ्या पोराला, एक तुमच्या पोरीला. नुसतीच तर चरत असतात."

भिवानं सगुणाला तट्टावर बसायला शिकवलं. आणि नावाड्यानं भिवाला पोहायला शिकवलं. धनगराचं पोर ते, सुरुवातीला पाण्याला मांजरासारखं भ्यायचं. नावाडी त्याच्या पोटाखाली हात धरायचा आणि म्हणायचा, "मी आहे ना. सोड अंग." दोन उन्हाळे गेले आणि भिवा मासोळीसारखा पोहायला लागला. त्याला पोहण्याचं वेड लागलं. तो नावाड्याला काका म्हणायचा आणि काकांनी सांगितलं की डोहातसुद्धा डोळे मिटून उडी टाकायचा.

त्या वर्षी पाऊस फार झाला. नदीला मोठा पूर येऊन गेला.

शर्यतीला चार दिवस होते. नावाडी रिकामी नाव घेऊन पलीकडून येत होता, तर मधोमध त्याचा बांबू कशात तरी अडकला. ओढला तर निघेना. तो पाण्यात उतरला आणि त्यानं हातानं चाचपून पाहिलं. पुरात वाहून आलेलं एक आख्खं जांभळीचं झाड तळाशी रुतून बसलं होतं. त्याच्या फांद्या पाण्याच्या पृष्ठभागाखाली हातभरावर पसरल्या होत्या, आणि प्रवाह सगळं काही त्या फांद्यांमध्ये ओढत होता. वरून मात्र काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आणि झाड होतं ते नेमकं घाटापासून पलीकडच्या पांढऱ्या खडकापर्यंतच्या सरळ वाटेवर. शर्यतीतली मुलं वर्षानुवर्षं त्याच वाटेनं पोहत.

नावाडी तसाच ओल्या कपड्यांनी पाटलाकडे निघाला. दोन बैलजोड्या आणि चार गडी लावले असते तर झाड दिवसभरात निघालं असतं. पण वाटेत माळ लागला. माळावर सगुणा आणि भिवा तट्टं पळवत होते. भिवाचं तांबडं तट्टू एक अंग पुढे होतं. दुसऱ्यांदा पळवली, तरी तेच. तिसऱ्यांदाही तेच.

नावाडी बांधावर उभा राहून बघत राहिला. पोहण्यात पूर्वी सगुणा पुढे असायची. आता भिवा तिच्या बरोबरीनं पोहत होता. ते कुणी शिकवलं? आपणच शिकवलं.

त्याच्या मनात आलं, झाड आहे म्हणून काय झालं? फांदीला पाय लागेल, पोरं दचकतील, जरा चाचपडतील, मागे पडतील. एवढंच ना? ज्याला वाट ठाऊक असेल तो पुढे जाईल. यात कुणाचं वाईट होतंय?

तो तिथूनच परत फिरला. उद्या सांगू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तो तेच म्हणाला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, ऊन कललं की, सगळी मुलं घाटावर नावाड्यापुढे येऊन बसत. नदीत काय कुठं आहे ते तो त्यांना सांगायचा. त्याचा बाप सांगायचा, बापाचा बाप सांगायचा. त्या घराचं ते कामच होतं. त्या दिवशी सहा मुलं आली. सगुणा तेवढी नव्हती. तट्टांना चारा-पाणी करायची त्या दिवशी तिची पाळी होती, म्हणून ती माळावर गेली होती.

भिवा पुढे बसला होता. त्यानं विचारलं, "काका, पूर येऊन गेला. नदी कशी आहे?"

नावाड्याला वाटलं होतं, हे बोलताना जीभ अडखळेल. पण ती अडखळली नाही.

"नेहमीसारखीच आहे," तो म्हणाला. "सरळ जा."

मुलं उठून घरी गेली.

संध्याकाळी सगुणा भाकरी वाढत होती. नावाडी म्हणाला, "उद्या सरळ जाऊ नकोस. वरच्या अंगाला तीन दगड आहेत ना, त्यांच्या कडेनं जा. थोडं लांब पडेल, पडू दे."

"का?"

"सरळ वाटेत झाड रुतलंय. पाय गुंततो."

सगुणाचा हात थांबला. "मग बा, सगळ्यांना सांगितलंस ना?"

"सांगितलं की," नावाडी म्हणाला आणि त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

सगुणाला बरं वाटलं. बापाचं बोलणं तिनं कधी तपासून पाहिलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

सकाळी त्यानं तिला घरातून मुद्दाम उशिरा सोडलं. कधी केस नीट बांध म्हणाला, कधी देवापुढे पुन्हा हात जोडायला लावले. ती माळावर पोहोचली तोवर हलगी वाजायची वेळ झाली होती. भिवानं तिचं तट्टू धरून ठेवलं होतं. "कुठं होतीस गं?" एवढं तो म्हणाला, ती उडी मारून बसली, आणि हलगी वाजली.

शर्यतीत मुलं पोहत असताना नावाडी नेहमी नदीच्या मधोमध, सरळ वाटेच्या शेजारी नाव लावून उभा राहायचा. कुणी दमलं, कुणाला पेटका आला, तर हात द्यायला. या वेळी त्यानं नाव वरच्या अंगाला, तीन दगडांपाशी लावली. काठावरून पाटील ओरडला, "आज तिकडं का रे?"

"इकडं ओढ जास्त आहे," नावाडी म्हणाला. पाटलानं मान हलवली. नावाड्यापेक्षा नदी कुणाला जास्त कळणार?

धूळ उडाली आणि तांबडं तट्टू सगळ्यांच्या पुढे घाटावर आलं. भिवानं तट्टाच्या मानेवर थाप मारली, सदरा काढून टाकला आणि पाण्यात सूर मारला. सगुणा त्याच्या मागोमाग पोहोचली. ती काठाकाठानं वर धावली आणि तीन दगडांपाशी पाण्यात उतरली. भिवा सरळ चाललाय हे तिनं पाहिलं. तिला वाटलं, झाडाच्या वरून कसं जायचं ते बानं त्याला सांगितलं असेल.

भिवा सुरेख पोहत होता. हात लांब टाकत होता, मान पाण्यालगत ठेवत होता, जसं शिकवलं होतं तसं. नदीच्या मधोमध तो अचानक थांबला. त्यानं एक हात वर केला, नावेकडे तोंड वळवलं आणि हाक मारली, "काका."

तो किंचाळला नाही. काही अडकलंय, जरा सोडवता का, असं म्हणावं तशी ती हाक होती. मग त्याचं डोकं पाण्याखाली गेलं.

नावाड्याच्या हातात बांबू होता. तो स्वतःशी म्हणाला, सुटेल. आत्ता वर येईल. त्यानं एकदा सगुणाकडे पाहिलं. ती दगड ओलांडून पुढे गेली होती. त्यानं पुन्हा खालच्या अंगाला पाहिलं, तर नदी सपाट होती. तिथं कुणी कधी होतं असं वाटूच नये, इतकी सपाट.

मग त्यानं नाव लोटली. बांबू मारता मारता त्याचे तळहात सोलून निघाले, पण अंतर संपेना. काठावर ओरडा झाला होता. लोकांनी बाकीच्या पोरांना दंड धरून पाण्याबाहेर ओढलं होतं. नावाड्यानं उडी टाकली. पहिल्या बुडीत त्याच्या हाती नुसत्या फांद्या लागल्या. दुसऱ्या बुडीतही तेच. तिसऱ्या बुडीत पोराचा पाय लागला, दोन फांद्यांच्या बेचक्यात घट्ट बसलेला. त्यानं फांदी मोडली आणि भिवाला वर आणलं.

त्याच वेळी टेकडीवर घंटा वाजली.

घाटावर भिवाला पालथं घालून पाणी काढलं, तळपाय चोळले, शेकोटी पेटवली. पण कशाचाच उपयोग झाला नाही. धनगर आणि धनगरीण माळावरून धावत आले तेव्हा कुणीतरी आपलं उपरणं पोराच्या अंगावर घातलं होतं.

धनगरीण रडली नाही. ती पोराचे ओले केस कपाळावरून मागे सारत बसली. थोड्या वेळानं तिनं मान वर केली. नावाडी समोरच उभा होता, अंगावरून पाणी गळत होतं, तळहातातून रक्त येत होतं.

"तुम्ही काढलंत त्याला," ती म्हणाली. "तुमचे उपकार झाले, दादा. नाहीतर नदीनं तोंडही बघू दिलं नसतं."

पाटील म्हणाला, "पाण्याचा काय नेम. यात कुणाचा दोष नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नावाड्यानंही डोलावली. कुणाला काही कळणार नव्हतं. झाड पुरानं आणलं होतं आणि पोर नदीनं नेलं होतं.

तेवढ्यात घंटेपाशी थांबलेल्या राणीच्या माणसाबरोबर सगुणा टेकडीवरून खाली आली. गळ्यात झेंडूची माळ होती. लोकांनी वाट करून दिली. तिनं उपरण्याखालचे पाय पाहिले. एका घोट्यावर साल निघून लाल वळ उठला होता. ती धनगरिणीजवळ बसली आणि खूप वेळ बघत राहिली. मग तिनं बापाकडे पाहिलं.

"बा," ती म्हणाली, "त्याला तर माहीत होतं. मग तो तिकडून का गेला?"

धनगरिणीचा हात पोराच्या केसांवर थांबला. "काय माहीत होतं गं?"

"झाड आहे ते. बानं काल सगळ्यांना सांगितलं ना."

मागे भिजलेल्या पोरांचा घोळका उभा होता. त्यातली लोहाराची मुलगी हळूच म्हणाली, "आम्हाला कुणी झाडाचं सांगितलं नाही. भिवानं विचारलं होतं. काका म्हणाले, नेहमीसारखीच आहे, सरळ जा."

आता सगळे नावाड्याकडे बघत होते. तो म्हणू शकला असता, मला ठाऊक नव्हतं. पण समोर सगुणा होती, आणि तिला त्यानं तीन दगडांची वाट सांगितली होती.

"विचारलं होतं?" धनगरीण म्हणाली. "माझ्या लेकरानं विचारलं होतं तुम्हाला?"

नावाड्यानं मान खाली घातली.

धनगरानं हातातली काठी उचलली नाही. तसं केलं असतं तर नावाड्याला सोपं गेलं असतं. धनगर फक्त पुढे आला, त्यानं पोराला खांद्यावर घेतलं आणि तो माळाकडे चालू लागला. दुसऱ्या दिवशी माळ मोकळा झाला. त्या धनगराची मेंढरं पुन्हा कधी त्या गावाला आली नाहीत.

सगुणानं गळ्यातली माळ घाटावर काढून ठेवली. राणीचा माणूस म्हणाला, "पोरी, तुझी यात चूक नाही. जागा तुझीच आहे." ती नाही म्हणाली. त्यानं दोनदा विचारलं, ती दोनदा नाही म्हणाली. शर्यत त्या वर्षापासून बंद झाली. पाटलानं बैलजोड्या लावून झाड काढलं. सकाळी सुरू केलेलं काम दुपारपर्यंत उरकलं.

गावानं नावाड्याला हाकललं नाही. पण तो नावेत असला की काठावर कुणी येईना. सगुणानं बांबू हातात घेतला की लोक येऊन बसत. शेवटी नाव तिनंच चालवायला घेतली. रोज पहाटे ती नदी चाचपायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, लहान-मोठ्याला, विचारलं नसलं तरी सांगायची, इथं खोल आहे, इथं शेवाळ आहे, इथं उतरू नका. घरी ती बापाला भाकरी वाढायची. बा म्हणून मात्र तिनं त्याला पुन्हा हाक मारली नाही.

नावाडी म्हातारा झाला. दिवसभर तो घाटाच्या पायरीवर बसून असायचा. नदीचा रंग जरा बदलला तरी वरच्या अंगाला कुठली दरड पडली ते त्याला अजूनही कळायचं.

एकदा परगावचं एक कुटुंब पायवाटेनं आलं. दोन मुलं पुढे धावत घाटावर आली. त्यातल्या धाकट्यानं म्हाताऱ्याला पाहून विचारलं, "आजोबा, इथं पाण्यात उतरलं तर चालेल का?"

किती वर्षांनी त्याला कुणीतरी काही विचारलं होतं. तो सावरून बसला. डाव्या हाताला घसरण होती, उजवीकडची वाळू पक्की होती, सगळं त्याला ठाऊक होतं. त्यानं सांगायला तोंड उघडलं.

वरच्या पायरीवर धुणं धुणारी एक बाई घाईनं उठली आणि मुलाचा हात धरून त्याला मागे घेत म्हणाली, "त्यांना नको विचारू, बाळा. थांब जरा. सगुणा येईल, तिला विचार."

म्हाताऱ्यानं तोंड मिटलं. मुलं सगुणाची वाट बघत उभी राहिली.

तात्पर्य एवढंच की, धोका ठाऊक असून जो गप्प बसतो, त्याचं गप्प बसणंच दुसऱ्याला बुडवतं. आणि ज्यानं सांगायच्या वेळी सांगितलं नाही, त्याला पुढे कुणी काही विचारत नाही.